वांग्यास पूर्वकल्पना असणेबाबत

अर्पिताला विचारवन इंटरनॅशनल स्कूलमध्ये प्रवेश मिळाला.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही असं समजून पुढे जाऊ. शेखर तसाच जातो. रस्त्यात कोणी थांबवून विचारलंच, तर "प्रकरण विचाराधीन आहे" म्हणतो आणि स्कूटरला किक मारतो. त्याची भूमिका साधी आहे. प्रवेशासोबत शाळेनं एक अट घातली. ती अट त्याला मान्य नाही. आणि अमान्य अटीसकट आलेली गोष्ट ही आलेलीच नसते. चिखलीच्या एका सरकारी कार्यालयात तो आवक-जावकच्या टेबलावर बसतो. ज्या कागदावर नंबर पडला नाही तो कागद जन्मलाच नाही, असा तिथला नियम. शेखरनं तो घरालाही लागू केलेला आहे.

तर, प्रवेश मिळालेला नाही. फेब्रुवारी महिना आहे. गोष्ट तिथून सुरू करू.

चिखलीहून मेहकरकडे निघालं की डाव्या हाताला कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं. गेल्या वर्षी त्याला मातकट रंग लागला, दारात बांबू लागले आणि 'विचारवन इंटरनॅशनल – लिबरल आर्ट्स' अशी पाटी लागली. पाटीची अक्षरं इतकी बारीक होती, की शाळा मोठ्या लोकांची आहे हे लांबूनच कळायचं. आपल्याकडे साध्या शाळेची पाटी शाळेपेक्षा मोठी असते, आणि तिच्यावर गुणवंतांचे फोटो इतके असतात की शाळा कुठून सुरू होते ते दिसत नाही.

पाटीवरच्या 'आर्ट्स' या शब्दानं कॉलनीत पहिली खळबळ उडवली. कारभारीकाका शेजारच्या घरात राहतात आणि उरलेला वेळ शेखरच्या घरात. निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांना सुट्टी नसते.

"आर्ट्स?" काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "शेखरभाऊ, ज्याचा सायन्सले नंबर लागत नाही तो कॉमर्सले जाते, अन ज्याचा कुठंच लागत नाही तो आर्ट्सले. माह्या पुतण्यानं अकरावीले आर्ट्स घेतलं तं आमची वहिनी दोन दिवस जेवली नाही. अन तुमी पोरीले तिसरीपासूनच आर्ट्स देऊन राह्यले?"

"लिबरल आहे, काका."

"म्हंजे जराक ढिलं?"

शेखरला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. पण शाळेचं खूळ त्याचं नव्हतं, योगिनीचं होतं. योगिनी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे रिपोर्ट आहे तसा हातात द्यायची तिला सवय. अर्पिताच्या आताच्या शाळेतून डायरीत शेरा आला होता : 'पाल्य तासाला अनावश्यक प्रश्न विचारते. समज द्यावी.' शेखरनं समज दिली, खाली सही केली आणि तारीख टाकली. त्याच्या मते विषय निकाली निघाला. योगिनीच्या मते तिथूनच सुरू झाला.

"पोरगी त्या शाळेत मुकी होऊन राह्यली," ती म्हणाली. "बाई सांगत होत्या, आता अगदी शहाण्यासारखी बसते. घरी अजून बोलते तोवर काही करा. एकदा ते घरापर्यंत आलं ना, मग कोणत्याच शाळेत घालून उपयोग नाही."

योगिनीचा रिपोर्ट सहसा चुकत नाही. म्हणून शेखरनं विचारवनची माहिती काढली, आणि काढून पस्तावला. शाळेत लेखी परीक्षा नव्हती. तोंडी नव्हती. मार्क, टक्के, काहीच नव्हतं. फक्त एवढंच : 'मुलानं एक प्रश्न घेऊन यावा, ज्याचं उत्तर त्याला मनापासून हवं आहे. प्रश्न लिहून आणू नये. कृपया मुलाला तयार करू नये.'

शेखरनं आयुष्यात टायपिंगपासून विभागीय परीक्षेपर्यंत बऱ्याच परीक्षा दिल्या होत्या. एवढी भयंकर परीक्षा त्यानं पाहिली नव्हती. अभ्यासक्रमच नाही! नापास तरी कशात व्हायचं?

"'तयार करू नये' असं लिहिलं ना," कारभारीकाकांनी मोबाईल नाकाजवळ धरून वाचलं, "म्हंजे लोकं तयार करते हे त्याईले माईत हाये. माईत हाये म्हंजे सगळेच करन. मंग आपुन एकटंच इमानदारीत मागं राहाचं काय?"

या युक्तिवादात चूक कुठे आहे ते शेखरला सापडलं नाही. काकांच्या युक्तिवादात ती कधीच सापडत नाही, म्हणून तर कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीचं काम अजून अर्धवट आहे.

अर्पिताला मग जीवन सरांकडे नेण्यात आलं. जीवन सर स्कॉलरशिप आणि नवोदयचे क्लास घेतात. विचारवनची बातमी कळताच त्यांनी दारावर 'जिज्ञासा बॅच (मर्यादित जागा)' असा फलक लावला होता. पद्धत शास्त्रीय होती. आधी उत्तर पाठ करायचं आणि मग मागे मागे सरकत प्रश्नापर्यंत जायचं.

"उत्तर : वाफ थंड झाल्यावर पाणी होतं," सर म्हणाले. "बनव प्रश्न."

"पण सर, उत्तर तर मला माहीत आहे," अर्पिता म्हणाली.

"ते विसर."

"विसरले तर पेपरात काय लिहू?"

सरांनी शेखरला बाजूला घेतलं. "पोरगी हुशार आहे, पण बेसिक कच्चं आहे."

पुढच्या आठवड्यात चेहरा घेतला. जिज्ञासेचा चेहरा असा असतो : भुवया वर, मान किंचित तिरपी, आणि तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं उघडं. अर्पितानं घरी येऊन तो करून दाखवला. योगिनी घाबरून ओवा घेऊन आली.

रविवारी उंद्रीहून रंगराव आले. शेखरचे वडील. तिकडे भाजीपाला करतात, त्यामुळे रिकाम्या हातानं कधी येत नाहीत. पिशवी ओट्याशी ठेवून त्यांनी सगळा मामला ऐकून घेतला.

"म्हंजे शाळा त्याईची, अन प्रश्न आपल्या पोरीनं न्यायचा?"

"होय, बाबा."

"मंग मास्तर तिथं काय करते? निस्ता बसते?"

"ते उत्तर शोधायला मदत करतात."

"त्याले माईत नसते काय?"

शेखरनं विषय बदलला. वडिलांशी बोलताना विषय बदलण्याचा त्याला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

पिशवीत भरताची वांगी होती. मोठी, हिरवट-पांढरी, हातात धरली की तान्ह्या बाळासारखी जड. योगिनीनं त्यांना तेल चोपडलं, सुरीनं टोचे मारले आणि एक गॅसवर ठेवलं. अर्पिता ओट्यावर पाय हलवत बसली होती. तिनं टोचलेल्या वांग्याकडे पाहिलं, मग पिशवीतल्या उरलेल्यांकडे पाहिलं.

"आबा, वांग्याले माईत असते काय, आपलं भरीत होणार हाये म्हणून?"

रंगरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "इतकी वर्सं वांगे लावले बाई, पण हे काही मी त्याईले इचारलं नाही."

बाहेरच्या खोलीत शेखर पेपर टाकून उभा राहिला. हाच! हाच तो!

"अर्पिता, परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"वांगं फुटून राह्यलं."

"त्याच्या आधीचं!"

"पाय काऊन हलवू नये?"

"ते मम्मीला म्हणालीस. वांग्याचं काय म्हणालीस?"

अर्पितानं परत विचारलं, पण शब्द थोडे बदलले होते. मूळ मजकूर हरवला तर? तो पेन शोधत घरभर फिरला, सापडलं तेव्हा त्यात शाई नव्हती, आणि शेवटी त्यानं प्रश्न योगिनीच्या लिपस्टिकनं पेपरच्या कोपऱ्यावर टिपला. त्याबद्दल योगिनी अजून बोललेली नाही. बोलणार आहे.

कारभारीकाका आलेच. "प्रश्न बेस हाये," ते म्हणाले. "पण त्याईनं उलट इचारलं तं? माईत असते म्हणाव, तं वांगं चूपचाप टोपलीत काऊन जाते? माईत नसते म्हणाव, तं तुले कसं माईत?"

"वांगं काय करन मंग?" रंगराव म्हणाले. "त्याले पाय हायेत काय?"

"पाय नाहीत म्हणून माईत नाही, असं कुठं हाये?"

"काका, देठाला काटे असतात," शेखर मध्येच म्हणाला. "म्हणजे काहीतरी अंदाज असणार."

मग तीन बाप्ये माणसं वांग्याला काय ठाऊक असतं यावर इतका वेळ भांडली, की गॅसवरचं वांगं पार कोळसा झालं. लिबरल आर्ट्स म्हणतात ते बहुधा हेच. पण हे त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि अर्पिता तर केव्हाच खेळायला निघून गेली होती.

इथवर सगळं ठीक होतं. इथेच थांबला असता तर शेखर वाचला असता. पण त्याला रात्रंदिवस एकच धास्ती लागली. प्रश्न नुसता हवेत आहे. कागदावर नाही. उद्या कोणी म्हणालं, हा प्रश्न तुमचा कशावरून? तर दाखवायचं काय? शाळेनं 'लिहून आणू नये' म्हटलं होतं, हे खरं. पण लिहून ठेवू नये असं कुठे म्हटलं होतं? नेऊ नका म्हणजे करू नका, असा अर्थ कोणत्याही कार्यालयात निघत नाही.

तो रवी झेरॉक्सवर गेला.

"फॉरमॅट कोणता, साहेब?" रवीनं विचारलं.

"अर्जाचा," शेखर म्हणाला. दुसरा त्याला येत नाही.

रवीनं टाईप केलं :

'विषय : वांग्यास स्वतःच्या भरिताबाबत पूर्वकल्पना असणे अथवा नसणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये सविनय विचारण्यात येते की, वांग्यास स्वतःच्या भरिताबाबत पूर्वकल्पना असते काय? असल्यास, तसे कळविण्यात यावे.'

शेखरनं तीनदा वाचलं. प्रश्नाला आता वजन आलं होतं. मघाशी तो लहान मुलीचा होता, आता तो कोणाचाही वाटत होता. तीन प्रती काढल्या, आणि घरी जाताना त्याच्या मनात आलं, साक्षांकन करून घेतलेलं बरं. आजकाल स्वतःच सही केली तरी चालते, हे त्याला माहीत होतं. पण स्वतःवर इतका विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती.

ओळखीतले राजपत्रित अधिकारी म्हणजे डॉक्टर धम्मरत्न, गुरांचे. ते एका म्हशीच्या पोटाला कान लावून उभे होते. हात पुसून त्यांनी कागद वाचला. परत वाचला.

"शेखरराव, मी जनावरांचा."

"राजपत्रित तर आहात ना, साहेब?"

"आहे. मूळ प्रत कुठंय?"

"मुलीच्या डोक्यात."

"मग सत्यप्रत म्हणून सही कशी करू?" डॉक्टरांचा चेहरा तसूभर हलला नाही. "मूळ पाहिल्याशिवाय सही म्हणजे माझी नोकरी गेली. मूळ घेऊन या."

आता हे डॉक्टर गंमत करत होते, की नियमाचे पक्के होते, याचा निर्णय शेखरला आजतागायत लागलेला नाही. तो सरळ शाळेत गेला, अर्पिताला अर्ध्या तासाची सुट्टी काढून आणलं आणि म्हशीशेजारी उभं केलं.

"बोल," तो म्हणाला.

अर्पिता बोलली. डॉक्टरांनी मान हलवली. "परत एकदा." ती परत बोलली. "आता टाईप केल्याप्रमाणे," शेखर म्हणाला, म्हणजे जुळणी होईल. तिनं कागद पाहून वाचलं, जिज्ञासेचा चेहरा करून. मग डॉक्टरांनी तिन्ही प्रतींवर शेरा मारला : 'मूळ प्रश्न मुलीच्या तोंडून समक्ष ऐकला. बरोबर आहे.' खाली सही, तारीख, शिक्का.

"बेटा, उत्तर सापडलं तं मलेही सांगजो," ते म्हणाले. अर्पितानं मान डोलावली. म्हैस का आलीये, तिला काय झालंय, डॉक्टर कान लावून काय ऐकत होते, यातलं काहीही तिनं विचारलं नाही.

शेखरच्या हे लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात शिक्का होता. परतताना त्यानं तो रवीला हौसेनं दाखवला, आणि रवीनं नमुना म्हणून एक झेरॉक्स ठेवून घेतली.

लक्षात आलं ते चार-पाच दिवसांनी, स्कूटरवर. एरवी अर्पिता मागे बसली की घरापासून बस स्टँडपर्यंत त्याच्या पाठीवर प्रश्नांचा मारा असे. ट्रकच्या मागे चप्पल का बांधतात, घोरणाऱ्याला आपलं घोरणं ऐकू का येत नाही, पोस्टमनला स्वतःचं पत्र आलं तर तो स्वतःच्या घरी बेल वाजवतो का. शेखर "हूं" म्हणायचा. सगळ्यांना "हूं". आता मागे काहीच नव्हतं. त्याला वाटलं पोरगी पडली की काय. वळून पाहिलं. होती. शहाण्यासारखी बसली होती.

योगिनीनं रिपोर्ट दिलाच. "काल लॅबमध्ये आली होती. बाटल्यांकडे पाहत बसली, काही बोलली नाही. मागच्या खेपेला विचारलं होतं, आपलं रक्त बाहेर काढलं तरी ते आपलंच असते काय? आता काही नाही." तिनं ताट पुढे सरकवलं. "तुमी तिचा प्रश्न कागदावर घेतला, अन तिच्याजवळचा संपला. आलं बघा घरापर्यंत."

त्या दिवशी शेखरनं "प्रवेश झाला की सगळं सुरळीत होईल" असं ऑफिसच्या सुरात उत्तर दिलं, आणि जेवण अर्धवट टाकलं.

मग तो दिवस आला.

विचारवनच्या जुन्या गोदामात, जिथे कधी काळी कापसाचे ढीग लागायचे, तिथे आता पालकांचे लागले होते. संचालिका महामाया मॅडम शेवटच्या खोलीत बसल्या होत्या. खोलीला दार होतं पण खिडकीला काच नव्हती, कारण शाळा मोकळ्या विचारांची होती. आतला शब्द न् शब्द बाकावर ऐकू येत होता. शेखरच्या खिशात तीन प्रती घडी घालून होत्या. नियमाप्रमाणे त्या त्यानं आणायला नको होत्या. पण घरी ठेवून आला असता तर त्याला ताप भरला असता.

पहिला मुलगा आत गेला. मेहकरचा. आतून त्याचा आवाज आला : "वांग्याला माहीत असतं का, आपलं भरीत होणार आहे?"

शेखरच्या कानात शिट्टी वाजली. योगायोग, तो स्वतःला म्हणाला. जिल्हा वांग्यांचा आहे. कोणालाही सुचू शकतं.

दुसरी मुलगी गेली. "वांग्यास स्वतःच्या भरिताबाबत पूर्वकल्पना असते काय?"

वांग्यास. पूर्वकल्पना. काय. ही भाषा जगात फक्त शेखरची होती.

तिसरा गेला. चौथी गेली. सगळ्यांच्या भुवया वर, मान तिरपी. आत मॅडमचा आवाज दर वेळी थोडा थकत गेला. एका लहानग्यानं तर छाती पुढे काढून पूर्ण पाठ म्हटला : "विषय वांग्यास स्वतःच्या भरिताबाबत पूर्वकल्पना असणे अथवा नसणेबाबत असल्यास तसे कळविण्यात यावे मूळ प्रश्न मुलीच्या तोंडून समक्ष ऐकला बरोबर आहे सही पशुवैद्यकीय अधिकारी!" आणि वर "धन्यवाद" म्हणाला.

शेजारी बसलेले डोणगावचे एक गृहस्थ शेखरच्या कानाशी झुकले. "तुमाले प्रश्न भेटला का नाही?"

"अं?"

"नसन तं देतो. जास्तीची कॉपी हाये." त्यांनी इकडेतिकडे पाहून खिशातून कागद काढला आणि शेखरच्या मांडीवर सरकवला. "असली हाये बरं. डॉक्टरची सही हाये. चिखलीत रवी झेरॉक्सवर भेटून राह्यला. पण बाकीचे पोट्टे फालतू तयारी करून आले, आपला पोट्टा शिक्क्यासकट पाठ करून आला."

शेखरनं स्वतःच्याच कागदाची झेरॉक्स हातात घेतली. छपाई रवीनं स्वच्छ काढली होती. त्यानं ती घडी घालून परत दिली. "आहे माझ्याकडे," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत खरं आणि सर्वांत लाजिरवाणं वाक्य.

गोदामात कुजबुज वाढली. "पेपर फुटला!" कोणीतरी म्हणालं. "फेरपरीक्षा घ्या!" दुसरा उठला. "पण पेपर आपल्याच पोरायनं काढायचा होता ना?" तिसरा म्हणाला. आपल्याच डोक्यातून निघायचा पेपर फुटतो कसा, याचं शासन निर्णयात कुठेच मार्गदर्शन नाही.

"अर्पिता," आतून हाक आली.

शेखर आणि योगिनी मागच्या खुर्च्यांवर बसले. महामाया मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले, परत लावला. "बोल बेटा. तुझा प्रश्न कोणता?"

अर्पिता गप्प.

झालं. पोरगी कायमची मुकी झाली, आणि ती आपण केली, सही शिक्क्यासकट.

"माझा प्रश्न सगळ्यांनी विचारून टाकला," अर्पिता शेवटी म्हणाली.

"वांग्याचा?"

"हो."

"मग दुसरा असेल ना एखादा?"

अर्पितानं मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत जीवन सरांचं काही नव्हतं. भुवया जागच्या जागी होत्या. "पहिल्याचंच उत्तर कोणी देल्लं नाही," ती म्हणाली. "तुमीबी देल्लं नाही. मंग दुसरा कायले विचारू?"

मॅडम पुढे झुकल्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं. "तो तुझाच होता? इतक्या जणांनी विचारला. तुझा कशावरून?"

"मीच विचारला होता. आबाले."

"कशावरून?"

अर्पितानं मागे वळून शेखरकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

शेखरच्या खिशात पुरावा होता. तारखेसकट, शिक्क्यासकट, निर्विवाद. अशा एका क्षणासाठीच तो आयुष्यभर कागद जपत आला होता. आणि तो कागद बाहेर काढणं म्हणजे आपण प्रश्न लिहिला, पोरीला तयार केली आणि जिल्हाभर फोडला, असं स्वतःच्या हातानं कबूल करणं होतं. पोरगी खोटी ठरावी, की बाप? असा पेच त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता. आला असता तर त्यानं तो वरिष्ठांकडे पाठवला असता.

त्यानं खिशात हात घातला आणि तिन्ही प्रती टेबलावर ठेवल्या.

"तिचाच आहे, मॅडम. पोरांनी जे पाठ म्हटलं ते हेच. हे माझ्याकडून बाहेर गेलं. तिनं काही केलं नाही."

मॅडमनी वाचलं. शेरा वाचला. शिक्का उजेडाला धरून पाहिला. "आम्ही लिहिलं होतं, प्रश्न लिहू नका."

"होय."

"मुलांना तयार करू नका."

"होय."

"तुम्ही प्रश्नाचं साक्षांकन करून आणलंत. गुरांच्या डॉक्टरांकडून."

"तीन प्रतींत," शेखर म्हणाला. का म्हणाला कोणास ठाऊक. आकडा बरोबर असावा एवढंच त्याला वाटलं.

महामाया मॅडम इतका वेळ पुस्तकातल्यासारखं बोलत होत्या. आता त्यांनी कागद खाली ठेवला, दोन्ही हात कपाळाला लावले, आणि आतून खरी बाई बाहेर आली. "पण काऊन हो?"

शेखरनं तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. पाहिलं, शोधलं, सगळे कप्पे उघडले. खरोखर नव्हतं. तो तसाच बसून राहिला, तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं उघडं.

"बघा," मॅडम हळूच म्हणाल्या, "प्रश्न असा असतो."

परतताना स्कूटरवर तिघांचं ओझं होतं. शेखरला पाटीजवळून जाताना मान वर करायचीही हिंमत झाली नाही. रेल्वेचं फाटक नसलेल्या आपल्या भागात माणसानं थांबून रडायचं कुठे, असा विचार तो करत होता, तेवढ्यात पाठीवर टकटक झाली.

"पप्पा, त्या मॅडम आपल्या इकडच्या हायेत, तं इतका वेळ तिकडच्यासारख्या काऊन बोलत होत्या?"

शेखर "हूं" म्हणणार होता.

"अन तुमी पाह्यलं का, भिंतीत अजून कापूस अडकला हाये? तो निघून का जात नाही? अन डॉक्टरकडची म्हैस बरी झाली काय? तिले कोणी सांगितलं असन काय, आपल्याले काय झालं ते?"

मागून योगिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रिपोर्ट कळला. शेखरनं स्कूटर हळू केली. "म्हशीचं विचारून येऊ उद्या," तो म्हणाला.

आठवड्यानं शाळेचं कळलं. अर्पिताला प्रवेश देण्यात येत आहे. एक अट आहे. तिच्या वडिलांनी वर्षभर दर शनिवारी पालकवर्गाला बसावं, आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न घेऊन यावा, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नाही. लिहून आणू नये. आईला सूट आहे. तिला गरज दिसत नाही.

कॉलनीत बातमी चहाआधी पोचली. "म्हंजे नंबर बापाचा लागला!" कारभारीकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. जीवन सरांनी 'प्रौढ जिज्ञासा बॅच' काढायची तयारी दाखवली. रंगरावांनी फोनवर विचारलं, "तुले डबा लागन काय रे?" शेखरनं मान ताठ ठेवून सगळ्यांना सांगितलं, प्रकरण विचाराधीन आहे.

पहिल्या शनिवारी तो गेला, नुसतं बघायला. गोल करून बसलेल्या पालकांत त्याची पाळी आली, आणि त्याला काही म्हणजे काही प्रश्न पडला नाही. दुसऱ्या शनिवारी त्यानं "चहा आहे का?" असं विचारलं. ते मोजलं गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यानं ऑफिस सुटल्यावर कोरा कागद ओढला आणि ज्या भाषेत त्याला विचार करता येतो त्या भाषेत लिहिलं :

'प्रति, मा. संचालिका, विचारवन इंटरनॅशनल स्कूल.

विषय : पालकवर्गाकरिता लागणाऱ्या प्रश्नांचा पुरवठा होणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदार हा शासकीय सेवेत रुजू झाल्यापासून केवळ उत्तरे देण्याचे काम पाहत असून, त्याच्या डोक्यात प्रश्न निर्माण होण्याची कोणतीही व्यवस्था सद्यःस्थितीत कार्यान्वित नाही. सबब, वर्षभर पुरतील एवढे प्रश्न शाळेने अर्जदारास आगाऊ पुरवावेत. ते शक्य नसल्यास, अर्जदाराची मुलगी कु. अर्पिता हिच्याकडील शिल्लक प्रश्नांपैकी दर आठवड्यास एक प्रश्न अर्जदाराच्या नावे वर्ग करण्याचे आदेश व्हावेत. तिच्याकडे साठा पुरेसा असून तो रोज वाढत आहे. तरी योग्य ती कार्यवाही शुक्रवार संध्याकाळपूर्वी व्हावी, ही नम्र विनंती.'